शिलाई मशीन देण्याआधी : अडचणीतल्या घराला सावरण्याची वस्तीतली रीत

सहा वर्षांपूर्वी आमच्या मंडळाने वस्तीतल्या एका विधवा ताईंना शिलाई मशीन दिलं. हार, नारळ, नगरसेवकांच्या हस्ते फोटो, सगळं यथासांग झालं. दोन महिन्यांनी सहज डोकावलो, तर मशीनवर गव्हाचं पोतं आणि पोत्यावर मुलांची दप्तरं. दहा बाय दहाच्या खोलीत ओल न लागणारी तेवढी एकच जागा होती. शिवणकाम येतं का, हे त्यांना आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं. येत नव्हतं.

मग पहिल्यांदा नीट बसून बोलणं झालं. पोळीभाजीची दोन घरं मिळत होती, पण धाकटी तीन वर्षांची. सकाळी सात ते एक तिला सांभाळायचं कुणी? मिळालेलं काम त्यापायीच सुटलं होतं. शिवाय रेशनकार्डावरचं नाव अजून सासरी, लातूरकडच्या गावात. कार्डाअभावी उत्पन्नाचा दाखला अडला होता आणि दाखल्याअभावी बाकी सगळं. म्हणजे गरज होती एका पाळणाघराची आणि तहसील कार्यालयाच्या चार खेपांची. आम्ही दिलं मशीन.

गणेश मंडळ, महिला मंडळ, सोसायटीतला दहा-बारा जणांचा गट, एखादा छोटा ट्रस्ट, अशांनी काम कसं उभं करावं यासाठी हा लेख आहे. मी पुण्यातलं सांगतो आहे. कायदे आणि योजना राज्यभर त्याच आहेत, फक्त खिडक्या वेगळ्या.

पायरी १ : पहिल्या भेटीत फॉर्म काढू नका

दोघांनीच जा, त्यात एक बाई हवीच. पाच-सहा जण चपला काढून दारात उभे राहिले की आख्ख्या चाळीला कळतं, आणि त्या घराला आठवडाभर उत्तरं देत बसावी लागतात. चहा दिला तर घ्या. नाही म्हटलं की समोरच्याला आपण देणारे आणि तो घेणारा हे लगेच कळतं.

पहिल्या भेटीत नजर फिरवावी. गॅस आहे की चूल, सिलिंडर भरलेला आहे का, वीज मीटरची की शेजाऱ्याच्या वायरीची, शाळेच्या वेळेत पोरं घरात का आहेत, औषधांची पाकिटं कुणाची. पाठ केलेले प्रश्न विचारण्यापेक्षा "काल दिवसभर काय काय केलंत?" एवढं विचारलं तरी पुरतं. पाण्यासाठी पहाटे चारला उठणं, टँकरमुळे चुकलेली बस, बस चुकल्याने कापलेला अर्धा खाडा, हे सगळं त्या एका उत्तरात येतं.

फोटो काढायचा नाही. देणगीदार मागतात, मला माहीत आहे. त्यांना किराणावाल्याची पावती दाखवा.

पायरी २ : महिन्याचा हिशेब मांडा आणि अडसर शोधा

दुसऱ्या भेटीत वहीचं एक पान घ्या. डावीकडे येणारे पैसे, कुठल्या तारखेला येतात त्यासकट. उजवीकडे भाडं, वीजबिल, किराणा, दूध, रिक्षा-बस, शाळा, औषधं, भिशी, बचत गटाचा हप्ता, कुणाची उसनवारी. तारखा लिहिण्याला महत्त्व आहे. बऱ्याच घरांत महिन्याची बेरीज कशीबशी जुळते; पण पगार दहाला येतो, घरमालक पाचला दारात उभा असतो, आणि मधल्या पाच दिवसांसाठी शेकडा दहाने पैसे उचलले जातात. अशा घराला दानाची गरज नसते. घरमालकाशी बोलून भाड्याची तारीख बारा करून घेतली की काम झालं. आम्ही हे तीन घरांत केलं, खर्च शून्य.

हिशेब मांडला की अडसर बहुधा पाचांपैकी एक निघतो: कागद, आजारपण, मुलांना सांभाळणं, कर्ज, किंवा घरातलं व्यसन. दोन-तीन एकत्र असले तर सगळ्यांना एकदम हात घालू नका. जो सुटल्यावर दुसरा आपोआप सैल होईल, तो आधी धरा.

पायरी ३ : कागद

सर्वात जास्त वेळ इथे जातो आणि संस्थेचा खरा उपयोगही इथेच होतो. रोजंदारीवरच्या माणसाची तहसीलची एक खेप म्हणजे एक दिवसाची मजुरी. "उद्या या" हे दोन शब्द त्याला हजार रुपयांना पडतात. आपल्या निवृत्त काकांना ते फुकट पडतात, म्हणून काकांना सोबत पाठवा. आमच्याकडे बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. खिडकीवरचा माणूस जेवायला गेला की ते तिथेच बाकावर पेपर वाचत बसतात. त्यांच्यासारखी चिकाटी पैशाने मिळत नाही.

क्रम महत्त्वाचा. घरात मृत्यू झाला असेल तर आधी मृत्यूचा दाखला. नोंद २१ दिवसांत होणं सोपं. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत प्रकरण जातं. त्यानंतर आधारवरचा पत्ता आणि नाव. लग्नाआधीचं नाव बँकेत, लग्नानंतरचं आधारवर, आणि रेशनकार्डावर तिसरंच काही, हा घोळ दर दुसऱ्या घरात सापडतो. तो न मिटवता पुढचा अर्ज भरला तर तो हमखास परत येतो.

मग रेशनकार्ड. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला एकत्रित ३५ किलो धान्य मिळतं; जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. प्राधान्य यादीसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरात ५९,००० आणि गावात ४४,००० रुपये. कार्ड गावाकडचं असलं तरी "एक देश एक रेशनकार्ड"मुळे शहरातल्या दुकानात अंगठा लावून धान्य घेता येतं, हे अजून कित्येकांना माहीत नाही. गावाकडे सासूबाईंनी सगळ्यांचं धान्य आधीच उचललेलं असेल तर मात्र दुकानदाराचा काही इलाज नसतो. भांडी घासून बोटांचे ठसे झिजलेल्या बायकांना मशीन ओळखत नाही. त्यांना आधार केंद्रावर नेऊन ठसे पुन्हा नोंदवून घ्या.

आमच्या मशीनवाल्या ताईंचं नाव सासरच्या कार्डातून कमी करायचं होतं. सासरे ऐकेनात, नाव कमी झालं की शेतातला हिस्सा मागेल अशी त्यांना भीती. तिथे कायदा सांगून उपयोग झाला नाही. मंडळातल्या एकाची बहीण त्याच तालुक्यात दिलेली होती, तिचे सासरे जाऊन बसले, दोन वेळा जेवले, तेव्हा सही मिळाली.

कार्ड झालं की तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. हा एक कागद हातात आला की पुढचे सगळे दरवाजे किलकिले होतात. अर्ज आपले सरकार केंद्रातून करावा आणि पावती घ्यावी, कारण महाराष्ट्रात २०१५चा लोकसेवा हक्क कायदा आहे: ठरलेल्या मुदतीत दाखला मिळाला नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. एजंटाच्या हातात दिलेल्या अर्जाची पावती नसते, म्हणून अपीलही नसतं.

आता योजना. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजारी यांच्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना. विधवेला महिना १,५०० रुपये. मात्र कुटुंबाच्या उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे महिना १,७५० ठेवलेली आहे. दोन घरची धुणीभांडी करणारी बाई ती ओलांडतेच. या आकड्यावर मी किती वेळा डोकं आपटलं असेल, सोडा. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कर्ता गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब अर्थसाहाय्याचे एकरकमी २०,००० रुपये मिळतात. पहिल्या धक्क्यात ही रक्कम फार उपयोगाची असते आणि नेमकी तेव्हाच कुणाला आठवत नाही. बांधकामावरच्या मजुराची कल्याणकारी मंडळात नोंदणी करून घ्या. त्यासाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. नाक्यावर रोज वेगळ्या मुकादमाकडे जाणाऱ्याला ते कोण देणार, हा प्रश्नच आहे. महापालिका आणि ग्रामपंचायतही हे प्रमाणपत्र देऊ शकतात, तिथे पाठपुरावा करा.

एका कागदाने काय होतं याचं पुण्यातलं उदाहरण म्हणजे १९९३ साली स्थापन झालेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. कचरा वेचणाऱ्या बायकांना सुरुवातीच्या काळातच ओळखपत्रं मिळाली, महापालिकेने ती मान्य केली. तोवर पहाटे पोतं घेऊन फिरणारी बाई पोलिसांच्या लेखी संशयित होती.

एक सावधगिरी. कागदपत्रांच्या झेरॉक्स मंडळाच्या टेबलावर पडून राहतात, वडापावाला त्याच गुंडाळल्या जातात. प्रत्येक घराची एक प्लास्टिक फाइल करा आणि ती त्या घरातच ठेवा. वॉट्सअ‍ॅप गटावर कुणाचं आधारकार्ड टाकायचं नाही.

पायरी ४ : दवाखाना

बऱ्यापैकी चाललेलं घर सर्वात वेगाने खाली येतं ते दवाखान्यामुळे. यात एकच नियम पाठ करा: जे करायचं ते पेशंट भरती झाल्याच्या दिवशी. डिस्चार्जच्या दिवशी बिल हातात घेऊन फोन आला की आपल्या हातात विनवणीखेरीज काही उरत नाही.

पहिला प्रश्न: रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आहे का? २०१२ साली वेगळ्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना आता राज्यभर आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार त्यात बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल असतं. डॉक्टरांच्याही आधी त्यांना गाठा, आजार यादीत बसतो का ते विचारा.

नसेल बसत, तर दुसरा प्रश्न: रुग्णालय धर्मादाय आहे का? सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांवर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ क क लागू होतं. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. निर्धन म्हणजे वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३,६०,००० पर्यंत. तातडीच्या वेळी अनामत रकमेसाठी अडवून न ठेवता आधी दाखल करून घेणं हेही त्यात आहे. खिडकीवर "खाट शिल्लक नाही" असं उत्तर येतं. तेव्हा आवाज चढवू नका. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जा, अर्ज लेखी द्या, पोच मागा. पोच मागितली की खाट सापडते, असा माझा अनुभव आहे. नाही सापडली तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे तक्रार. आणि हो, हे सगळं तहसीलदाराच्या दाखल्यावर चालतं. पेशंट अतिदक्षता विभागात असताना दाखल्याच्या रांगेत उभं राहायची वेळ येऊ नये, म्हणून पायरी ३ आधी.

मुख्यमंत्री सहायता निधी आणि मोठ्या देवस्थानांचे वैद्यकीय मदतनिधी हे त्यानंतरचे. त्यांना खर्चाचं अंदाजपत्रक लागतं आणि पैसे बहुधा थेट रुग्णालयाच्या नावे जातात. आधी भरलेलं बिल परत मिळेल या आशेवर कुणी उधार काढू नये.

पेशंटसोबत येणाऱ्यांचे हाल वेगळेच. कॅन्सरच्या उपचारांसाठी मुंबईला महिनोन्‌महिने जावं लागतं. तिथे दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी किती घरांची शेतं विकण्यापासून वाचवली असतील. पुण्यात ससूनमधल्या रुग्णांना दगडूशेठ गणपती ट्रस्टकडून जेवण मिळतं. हे पत्ते निघण्याआधी कागदावर लिहून द्या.

छोट्या मंडळाला सहज जमेल अशी गोष्ट म्हणजे रुग्णसाहित्य केंद्र: वॉकर, कुबड्या, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, मागून उचलता येणारी खाट. घरोघरी माळ्यावर पडलेलं सामान मागून आणा, धुवा, दुरुस्त करा, नोंदवहीत लिहून द्या. अनामत घ्यावी की नाही यावर आमच्यात दोनदा भांडणं झाली. आता घेत नाही. दोन कुबड्या परत आल्या नाहीत, बाकी सगळं आलं.

पायरी ५ : मुलं

धाकट्यांना सांभाळायला कुणी नसलं की आई कामाला जाऊ शकत नाही, किंवा थोरली मुलगी शाळा सोडते. दोन्हींत घर खालीच जातं. अंगणवाडी तीन वर्षांपुढच्या मुलांना घेते, पण थोडेच तास. आईची कामाची वेळ त्याहून मोठी. मुंबईत बांधकामांवर १९७२ पासून मोबाइल क्रेशेस या संस्थेने पाळणाघरं चालवली. आपल्याला एवढं मोठं काही नको. आम्ही त्याच चाळीतल्या एका आजींना विचारलं. चार मुलं, सकाळी साडेसहा ते दीड, मुलामागे पहिले सहा महिने ६०० रुपये मंडळ देणार, पुढे निम्मे आई देणार. आजींनाही महिन्याला पैसे सुटू लागले. मशीनवाल्या ताई दुसऱ्या आठवड्यात कामाला लागल्या. आधी दोन घरं, नंतर चार.

शाळेत नाव घालताना जुन्या शाळेचा दाखला नाही म्हणून मूल परत पाठवलं जातं. शिक्षणहक्क कायद्यानुसार आठवीपर्यंत दाखला किंवा वयाचा पुरावा नाही या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही, आणि मुलाला वयानुरूप वर्गात घ्यावं लागतं. मुख्याध्यापकांना हे माहीत असतं. आपल्यालाही माहीत आहे एवढं त्यांना कळलं की पुरे. खाजगी शाळेतल्या २५ टक्के राखीव जागांसाठी आर्थिक दुर्बल गटात उत्पन्नाची मर्यादा १ लाख आहे. अर्ज वेळेत भरा, पण त्या शाळेची सहल, गॅदरिंग, प्रोजेक्टचं सामान यांचा खर्च कोण करणार हेही त्याच दिवशी बोला.

एक पालक गेलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, आता तिला सावित्रीबाई फुल्यांचं नाव आहे. मुलामागे महिना २,२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयातून बालकल्याण समितीकडे जातो. पैसे यायला उशीर होतो, कधी फार होतो. तोवर वह्या-दप्तराचा भार मंडळाने उचलावा.

पायरी ६ : पैसे द्यायची वेळ आली तर

द्या. काही वेळा पैशालाच पर्याय नसतो: थकलेलं भाडं, तोडलेली वीज, रिक्षाचं बंद पडलेलं इंजिन. पूर्वी आम्ही भाडं थेट घरमालकाला नेऊन द्यायचो. पैसे दुसरीकडे जाऊ नयेत, असा शहाणपणा. पण त्या दिवसापासून घरमालक त्या घराशी वेगळ्या आवाजात बोलू लागला. आता पैसे बाईंच्या खात्यात जातात, त्या भरतात, पावती दाखवतात. किराण्याचंही तसंच. तयार किटमध्ये पाच किलो तांदूळ असतो आणि घर भाकरी खाणारं असतं. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे १,५०० रुपयांची वही उघडून द्या; काय घ्यायचं ते त्यांचं त्यांना कळतं.

कर्जाचं थोडक्यात. सावकाराकडे २०१४च्या सावकारी कायद्याखालचा परवाना आहे का बघा. नसेल तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. गटकर्ज देणाऱ्या कंपन्यांना रिझर्व्ह बँकेचे २०२२चे नियम आहेत: घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत, आणि वसुलीसाठी धमकावता येत नाही. वसुलीवाला येतो त्या वेळी दोन कार्यकर्ते ओट्यावर चहा पीत बसले तरी सूर बदलतो. मंडळाने मात्र कुणाचं कर्ज फेडायचं नाही आणि कुणाला जामीन राहायचं नाही. आम्ही एकदा राहिलो होतो.

दारू आणि मारहाण हा आपला प्रांत नव्हे. मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण, जिथे कोणत्याही स्त्रीला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो, हे भिंतीवर लावून ठेवा. नवऱ्याला समजावायला चार पोरं पाठवू नका. रात्री मार बाईलाच बसतो.

पायरी ७ : आपलं घर आधी नीट

नोंदणी नसेल तर वर्गणी मागण्याआधी धर्मादाय कार्यालयात कलम ४१ क खाली परवानगी घ्या. गणपतीत घेता तशीच. रोख २,००० रुपयांपेक्षा जास्त देणगीवर देणाऱ्याला करसवलत मिळत नाही, तेव्हा मोठी रक्कम खात्यावरच. आमचे चाळीस सभासद महिना २०० रुपये देतात, म्हणजे ८,०००. एवढ्यात एका वेळी पाच घरं धरता येतात. सहावं घर आलं तर आम्ही दुसऱ्या संस्थेचा पत्ता देतो आणि सोबत जातो. नाही म्हणायला जड जातं, पण पन्नास घरांना एकेक किट वाटण्यात फोटोखेरीज काही उरत नाही.

मदत सुरू करतानाच शेवटची तारीख ठरवा, बहुधा सहा महिने, आणि ती त्या घरालाही सांगा. तीन महिन्यांनी वहीतलं तेच पान पुन्हा मांडा. एखादा हप्ता मिटला असेल, एखादा नवा लागला असेल. मुदत संपल्यावरही वर्षभर सणाला जाऊन यावं, रिकाम्या हाताने.

ताईंचं घर आठव्या महिन्यात आमच्या वहीतून निघालं. धाकटी आता तिसरीत आहे. मशीन त्यांनी स्वतःच परत आणून दिलं, पोतं ठेवायला लोखंडी मांडणी घेतली म्हणाल्या. ते मंडळाच्या खोलीत असतं. गणपतीच्या आधी पताका शिवायला बरं पडतं.